मामाची तबकडी आणि चांदूरचा बाजार

माझा मामा बोटीवर नोकरीला होता. आमच्या अमरावतीच्या वस्तीत नोकरी म्हणजे जिनिंग, रेल्वे, नगरपालिका, नाहीतर मास्तरकी. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. त्यामुळे मामा सुट्टीवर आला की आमच्या ओट्यावर माणसं जमायची आणि तो त्यांना लाटांच्या गोष्टी सांगायचा. लाट केवढी असते असं कोणी विचारलं की तो समोरच्या कडुनिंबाच्या शेंड्याकडे बोट करायचा. कडुनिंब चांगला उंच होता. लोक माना वर करून पाहत राहायचे.

साठ साल उलटून गेलं होतं आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या श्रावणात मामा आला तो मायसाठी एक छत्री, बाबांसाठी दाढीचं सामान आणि माझ्यासाठी एक सपाट, चौकोनी पुडकं घेऊन. मला वाटलं फ्रेम असेल. आत निघाली भलीमोठी तबकडी. आमच्याकडे लग्नात लाऊडस्पीकरवर वाजायच्या त्या तबकड्यांपेक्षा मोठी, पण वजनाला हलकी, आणि रेषा इतक्या बारीक की बोट फिरवलं तर कळूही नये. वरच्या पुठ्ठ्यावर झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेली काळीसावळी माणसं होती. एकाच्या मांडीवर दोन छोटे ढोल, एकाच्या हातात तुतारीसारखा बाजा, मागे नारळाचं झाड.

"तुह्यासाठीच आणली," मामा म्हणाला. "तू ढोलकी वाजवतं ना."

मी ढोलकी वाजवायचे हे खरं. बाबा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि संध्याकाळी वस्तीतल्या गायन पार्टीचे प्रमुख. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर अशा पार्ट्या गावोगाव उभ्या राहिल्या होत्या. आमच्या पार्टीचा ढोलकीवाला नागपूरला नोकरी लागून गेला आणि दुसरा कोणी मिळेना, तेव्हा घरात बसून सगळे ठेके ऐकलेली मी पुढे झाले. पोरीनं ढोलकी वाजवावी का, यावर वस्तीत बरीच चर्चा झाली. शेवटी बाबाच म्हणाले, "समता समता म्हणून आपण गाऊन राह्यलो, अन् ढोलकी पोराचीच पाह्यजे?" विषय मिटला.

मामानं ती तबकडी कशी घेतली ते त्या दिवशी ओट्यावर सांगितलं. कुठल्यातरी गरम देशाच्या बंदरात त्यांची बोट साखर भरायला थांबली होती. ऊन आपल्यासारखंच, माणसं आपल्याच रंगाची, हमाली करणारी. दुपारच्या सुट्टीत हमालांनी रिकाम्या खोक्यांवर ठेका धरला, दोघांनी लाकडाचे दांडके एकमेकांवर मारले आणि एक जण साखरेच्या पोत्यावर उभा राहून बोलायला लागला.

"गायला लागला," माय म्हणाली.

"नाई व बाई, बोलायला. भराभरा, न थांबता, पण तालात. मुकादमाकडं हात करून काहीतरी म्हणे, अन् बाकीचे हासून हासून लोळत. मंग सगळे मिळून एक ओळ गात. परत हा बोलू लागे. मले एक शब्द समजला नाई, पण माहे पाय थांबत नव्हते."

मामानं त्या हमालाला खुणेनं विचारलं, हे गाणं मिळतं कुठं? हमालानं त्याला हाताला धरून एका दुकानात नेलं आणि ही तबकडी हातात ठेवली.

आता मला ती ऐकल्याशिवाय झोप लागणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण ती घेऊन चौकातल्या लाऊडस्पीकरवाल्याकडे गेलो. ही मैत्रीण चांदूर बाजारकडची. घरची काळ्या मातीची शेती, बैलजोड्या, विहीर. शिकायला अमरावतीला मावशीकडे राहायची आणि कॉलेजात माझ्याच बाकावर बसायची. बोलायला इतकी फटकळ की मास्तरसुद्धा तिला प्रश्न विचारताना जरा जपून विचारत. लाऊडस्पीकरवाल्यानं तबकडी उजेडात धरून पाहिली आणि परत दिली.

"याची सुई निराळी असते. माह्या मशीनवर लावली तर हे सोलून निघन."

"मंग कोणाकडं असते थे सुई?" मैत्रिणीनं विचारलं.

"मोठ्या लोकायकडं."

मोठं माणूस आमच्या ओळखीत एकच होतं. माझी थोरली बहीण अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नर्स होती. बाई परदेशात शिकून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांच्या बैठकीत लाकडी कपाटाएवढा रेडिओग्राम आहे असं ताईनं कधीतरी सांगितलं होतं. रविवारी मामा, मी आणि मैत्रीण बडनेऱ्याहून गाडीत बसलो. तबकडी मी मांडीवर आडवी धरली होती आणि गर्दीतल्या प्रत्येकाला "टेकू नका, टेकू नका" म्हणत होते. मूर्तिजापूरला एक बाई टोपली घेऊन चढली आणि म्हणाली, "काय व, पापड आहेत काय?"

डॉक्टरीणबाईंनी तबकडी पाहिली आणि त्यांचे डोळेच चमकले. "शिकत होते तेव्हा असल्या संगीतावर नाचलेय मी," त्या म्हणाल्या. ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं जणू प्रथमच पाहत होती. बाईंनी झाकण उघडलं, सुई ठेवली, जरा खरखर झाली.

आणि मग ते सुरू झालं.

आधी नुसत्या दोन काठ्या. टक, टक, टक. जरा थांबून टक टक. त्यात ढोल शिरले, एक नव्हे, तीन-चार, प्रत्येक जण आपलंच काही सांगत असल्यासारखा. मग खुळखुळा. मग ते पितळी बाजे एकदम असे कडाडले की मी खुर्चीवरून उठले. आणि या सगळ्यावर एक माणूस बोलत होता. मामानं सांगितलं होतं तसाच, भराभरा, मध्येच हसत, मध्येच दटावत, श्वास कुठे घेतो ते कळत नव्हतं. त्याचं बोलणं तालाच्या पुढे पळायचं, आता घसरणार असं वाटायचं, आणि नेमका तो समेवर येऊन उभा राहायचा. मी ढोलकी आणली नव्हती, म्हणून टेबल बडवत होते. मामा बैठकीच्या मधोमध नाचत होता. डॉक्टरीणबाई त्याच्या समोर उभ्या राहून पावलं दाखवत होत्या, आणि ताई दारात इंजेक्शनची ताटली धरून तशीच थिजलेली.

मैत्रीण मात्र हलत नव्हती. मान वाकडी करून ऐकत होती. गाणं संपलं तशी म्हणाली, "हा माणूस भांडून राह्यला."

"तुले काय समजलं?" मामा म्हणाला.

"समजाले कायले पाह्यजे? आमच्या बाजारात मिरचीवाली अशीच बोलते. अन् थ्या काठ्या म्हणजे टिपऱ्या आहेत."

खरंच टिपऱ्या होत्या. आमच्याकडे भादव्यात पोरी भुलाबाई बसवतात आणि टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. माझ्या घरात दीक्षेनंतर देव्हारा गेला, भुलाबाईही गेली. मैत्रिणीच्या घरी अजून होती, आणि तिच्या गल्लीत ती गाण्यांची राणी होती.

"परत लावा," ती म्हणाली.

बाईंनी परत लावलं. या वेळी गाण्यातला माणूस थांबला आणि नुसते ढोल वाजू लागले, तशी ही उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाली:

"बाजार भरला, बाजार भरला, चांदूरचा बाजार भरला,
कोणी आणला बैल, कोणी आणलं तेल, कोणी नुस्ताच फिरून राह्यला!
मिरचीवाली म्हणे घे व माय, गिऱ्हाईक म्हणे जमत नाय,
चटकन बोल, पटकन तोल, उनानं माहा जीव जाय!"

आधी ठरवलेलं काही नव्हतं. तोंडाला आलं ते ती म्हणत गेली. मागे परदेशी ढोल, पुढे चांदूर बाजार, आणि दोन्ही एकमेकांत असे बसले जसे एकाच घरातले. आम्ही सगळे ओरडलो. खिडकीबाहेरही कोणीतरी "वाह!" म्हणालं.

पाहतो तर खिडकीच्या गजांना धरून दवाखान्यातले पेशंट उभे. सगळ्यांत पुढे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ. ताई म्हणाली, हे बँडमास्तर, सुनेला तपासायला घेऊन आले आहेत. अकोल्यातली अर्धी लग्नं यांच्या बँडवर लागतात.

"डॉक्टरसाहब," ते खिडकीतूनच म्हणाले, "बहू को बाद में देखिए. पहले वो बाजेवाला हिस्सा एक बार और सुनाइए."

पुढे आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. त्यांच्याकडे कार्नेट होता, तुतारीच्या जातीचा पितळी बाजा, आणि तो ते अठराव्या वर्षापासून वाजवत होते. त्या दुपारी त्यांनी तबकडीची ती एक जागा पाच-सहा वेळा ऐकली. सून बाकावर बसून शेंगदाणे खात होती. तिची काही तक्रार नव्हती.

परतीच्या गाडीत ठरलं की आपण आपलं असं काहीतरी करायचं. बोलायचं वऱ्हाडीत, ताल त्यांचा.

ठरवणं सोपं होतं. घरी येऊन मी ढोलकी घेतली आणि माझ्या लक्षात आलं की हात ऐकत नाही. आपल्या ठेक्यात पहिला ठोका कुठे आहे हे शरीराला माहीत असतं. त्या गाण्यात पहिला ठोका जिथे हवा तिथे कोणीच वाजवत नव्हतं, सगळे त्याच्या आजूबाजूला. मी तीन आणि दोन, तीन आणि दोन असं मांडीवर मारत बसायचे आणि प्रत्येक वेळी नेहमीच्या केरव्यात घसरायचे. बाबा आतून म्हणायचे, "काय करून राह्यली? ताल मोडते का जोडते?"

तो ताल मला आमच्या अंगणात सापडला. माय आणि शेजारची काकू उखळात मिरच्या कांडत होत्या. दोघींची मुसळं आळीपाळीनं पडत होती, एक वर, एक खाली, अगदी एकसारखी. मी ओट्यावर बसून टाळ्या मारत होते, आणि अचानक माझे तीन आणि दोन त्या मुसळांच्या मध्ये जाऊन बसले. पडले नाहीत. मी ढोलकी आणायला आत पळाले. "थांबू नका, थांबू नका!" ओरडत परत आले. मिरचीचा खाट घशात गेलेला, डोळ्यांतून पाणी, शिंका येताहेत, आणि मी वाजवतेय. काकू म्हणाली, "हिले काय झालं व?" माय म्हणाली, "कांडत राह्य. तिचं जमून राह्यलं." मिरची चांगली बारीक झाली त्या दिवशी.

त्यानंतर रोज कॉलेज सुटलं की मैत्रीण आमच्याकडे यायची. तिच्या मावशीनं एकदा विचारलं, कोणाच्या घरी जातेस, कोणत्या वस्तीत? तिनं सरळ सांगितलं. मावशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिकडं जेवत जाऊ नको." मैत्रीण हे आम्हाला आमच्याच चुलीपुढे, भाकर मोडता मोडता सांगत होती.

बाजाराचं गाणं तिचं होतं. मला माझं एक करायचं होतं. मी तिच्यासारखी हजरजबाबी नव्हते, मला लिहावं लागायचं, खोडावं लागायचं. काय लिहू ते सुचत नव्हतं. एके सकाळी मी वस्तीतल्या नव्या नळावर घागर लावून उभी होते. पाण्याचा आवाज घागरीत चढत होता, खालून वर, आणि ओळी यायला लागल्या. घरी पोहोचेपर्यंत गाणं झालं होतं.

संध्याकाळी मी ते म्हटलं. बाबा आत वह्या तपासत होते.

"माही आजी उभी, उनात उभी, ओंजळ करून दूर उभी,
कोणी येईन, पाणी देईन, वरून धार सोडून देईन.
माही माय उठली, बादली घेतली, बोलणी खाल्ली, बादली बुडवली.
मी आली, नळावर आली, चावी फिरवली, घागर भरली.
कोणाले पुसू? काहून पुसू?
भर व घागरी, भर व घागरी, काठोकाठ भर!"

मी थांबले. मैत्रिणीच्या हातातल्या टिपऱ्या थांबल्या. ती खाली पाहत म्हणाली, "आमच्या विहिरीवर असंच होतं. मी पाह्यलं आहे."

बाबा दारात आले होते. त्यांना ते परदेशी नाचकाम वाटायचं, पार्टीच्या गाण्यांपुढे पोरखेळ, हे मला माहीत होतं. आता रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "'काहून पुसू' हे तू एकटीनं म्हणू नको."

"कसं म्हणू मंग?"

"हे सगळ्यायनं म्हणलं पाह्यजे. तू बोल, मांगून पार्टी उत्तर देईन. म्हण परत."

मी परत म्हटलं. "कोणाले पुसू?" म्हणताच बाबांनी त्यांच्या भरदार आवाजात "काहून पुसू?" असं टाकलं की शेजारची दारं उघडली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ओट्यावर दहा-बारा माणसं होती आणि सगळे उत्तर देत होते. मला रडू येत होतं आणि वाजवणं थांबवायचं नव्हतं.

मामाची सुट्टी संपली. तो जायच्या दिवशी आम्ही त्याला दोन्ही गाणी ऐकवली. तो हसून म्हणाला, "तो हमाल असता तर त्यानं तुमाले पोत्यावर चढवलं असतं." आणि गेला.

आश्विनात अकोल्याहून निरोप आला. डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या अंगणात गुटगुटीत बाळांची स्पर्धा घेत होत्या. बायका जमतील, तुम्ही या, म्हणाल्या. आम्ही गेलो. मी, मैत्रीण, बाबा आणि पार्टीतले चौघे. चाचा कार्नेट घेऊन आधीच हजर. ताईनं औषधाच्या रिकाम्या डब्यांत ज्वारी भरून खुळखुळे केले होते आणि ती ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं वाजवायची जणू कोणाची नाडी मोजते आहे.

बाळांची वजनं झाली, बक्षिसं झाली, आम्ही मांडवात उभे राहिलो, मैत्रिणीनं माईकपुढे तोंड उघडलं आणि वीज गेली. पंखा थांबला, माईक मेला. अंगणात पन्नासेक बाया आणि तितकीच रडणारी बाळं.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय? बाजारात माईक असते काय?" असं म्हणून ती मांडवातून खाली उतरली आणि बायांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मी ढोलकी गळ्यात अडकवून तिच्यामागे. टिपऱ्या वाजल्या, ताईचे डबे वाजले, आणि तिनं बाजार भरवला. पहिल्या चार ओळींना बाया नुसत्या पाहत राहिल्या. पोरगी गाते आहे की भांडते आहे, त्यांना कळेना. मग गाण्यात पुढं जोडलेली भोपळ्याची आणि वांग्याची बाचाबाची आली आणि एक म्हातारी खो खो हसत सुटली. ती हसली तसं सगळं अंगण हसलं. चाचांनी कार्नेट उचलला. त्या तबकडीवरचा कडकडाट अकोल्याच्या उन्हात असा उसळला की रडणारी बाळं एकदम गप्प झाली. अगदी एकदम! बाया पुन्हा हसल्या. "अजून म्हण! अजून म्हण!"

मग मी पाण्याचं म्हटलं. पहिल्याच ओळीला पुढच्या रांगेतल्या तीन-चार बाया उठल्या आणि चहाच्या टेबलाकडे गेल्या. मी ते पाहिलं. हात थांबला नाही. "कोणाले पुसू?" मी म्हटलं आणि मागून बाबांचा, पार्टीचा आवाज आला, "काहून पुसू?" त्यात मैत्रिणीचा सगळ्यांत मोठा. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा अंगणातून उत्तर आलं. शेवटच्या रांगेत, भिंतीशी, झाडूवाल्या बाया आणि सरकीच्या कारखान्यातल्या मजूर बाया बसल्या होत्या, बाळांना मांडीवर घेऊन. त्यांनी म्हटलं. मग मधल्या रांगांतल्या काहींनी म्हटलं. शेवटी शेवटी मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

गाणं संपल्यावर डॉक्टरीणबाई माझे खांदे धरून म्हणाल्या, "हे हवेत सोडून द्यायचं नाही. दिवाळीनंतर या. माझ्याकडे टेपरेकॉर्डर आहे."

टेपरेकॉर्डर मी तोवर पाहिला नव्हता. दिवाळी संपताच सगळे पुन्हा अकोल्याला. एका मोठ्या चकरीवरची तपकिरी फीत दुसऱ्या चकरीवर जाते आणि मध्ये आवाज पकडते, हे बाईंनी समजावलं. त्या तबकडीसारखी आपलीही एक असावी, एकामागून एक गाणी, दोन्ही बाजूंना, असा त्यांचा हट्ट. तोवर आमच्याकडे सहा गाणी जमली होती. बाजार, पाणी, बडनेरा-अकोला गाडीचं, मिरची कांडायचं, दोन जावांच्या भांडणाचं, आणि एक नुसतं वाजवायचं, चाचांचं.

खिडक्यांना गोधड्या लावल्या. आत भट्टी झाली. चाचा एक फुंक मारत आणि यंत्राचा काटा पार टोकाला जाई, म्हणून त्यांना व्हरांड्यात उभं केलं. मग दाराच्या फटीतून तोंड घालून ते विचारत, "अब बजाऊँ?" आणि तेच टेपवर उमटे. जावांच्या भांडणात मैत्रीण एक जाऊ आणि मी दुसरी. आम्ही इतक्या रंगात आलो की गाणं संपलं तरी भांडण चालूच. ताईनं डबे खाली ठेवून दोघींना गप्प केलं. पाण्याचं गाणं एकाच वेळेत झालं. बाबांनी उत्तर देताना डोळे मिटले होते.

दिवस मावळायला आला तेव्हा बाईंनी फीत उलटी गुंडाळली आणि कळ दाबली.

"हे कोण कोकलून राह्यलं?" मैत्रीण म्हणाली.

"तूच."

"माहा आवाज असा आहे?" ती क्षणभर हिरमुसली. मग टेपवर ढोलकी आली, टिपऱ्या आल्या, कार्नेट व्हरांड्यातून, जणू लांबच्या रस्त्यावरून वाजत आला, आणि आम्ही एकमेकींचे हात घट्ट धरले. हे आम्हीच होतो. अमरावती-अकोल्याच्या पोरी, एका चकरीवर, त्या झालरीच्या सदऱ्यांच्या माणसांशेजारी ठेवता येईल अशा. चाचांनी आपला तुकडा ऐकला आणि पाठ फिरवून दाढीवरून हात फिरवत राहिले.

त्याच कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा आली. बाई दरवर्षी तिथे पटकीची सुई टोचायला तंबू लावायच्या आणि लोक सुईला घाबरून तंबूला वळसा घालून जायचे. यंदा त्यांनी टेपरेकॉर्डर नेला, जत्रेच्या जनरेटरवरून तार घेतली आणि तंबूवर कर्णा बांधून आमची गाणी लावली. मी आणि मैत्रीण मदतीला गेलो होतो. वर्धेच्या पात्रावरून आमचाच आवाज पलीकडे जाऊन परत येत होता. बाजाराचं गाणं लागलं की माणसं थांबायची, थांबली की ताई दंड धरायची. "गाणं आयकता आयकता होऊन जाते," ती प्रत्येकाला सांगत होती. दुपारपर्यंत रांग लागली. कोणी म्हणे, "सुई नको, पण थे घागरीचं परत लावा." बाई म्हणत, आधी सुई.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी आम्हाला जत्रा पाहायला सोडलं. आम्ही बांगड्यांच्या ओळीत शिरलो. एक जाडजूड बांगडीवाली एका पोरीच्या हातात बांगड्या चढवत होती आणि पोरीचं दुखू नये म्हणून गुणगुणत होती. आम्ही जागीच थांबलो.

"बाजार भरला, बाजार भरला, कौंडण्यपूरचा बाजार भरला..."

मैत्रीण पुढे झाली. "बाई, चुकलं. चांदूरचा बाजार भरला."

बांगडीवालीनं वर पाहिलं. "तू मले शिकवतं काय, पोरी? हे गाणं लय जुनं आहे. माही आजी म्हणे."

मैत्रिणीचं तोंड उघडंच राहिलं. मला हसू आवरेना. "मंग पुढचं म्हणा ना," मी म्हटलं.

बांगडीवालीनं आढेवेढे घेतले नाहीत. काचेच्या बांगड्यांचा गठ्ठा मांडीवर आपटून ठेका धरला, आणि म्हणाली:

"बांगडीवाली म्हणे हात दे, हात नाई त आवाज दे,
हिरवी घे, लाल घे, आवडली नाई त फोडून दे!"

हे आमचं नव्हतं. आमच्यापेक्षा चांगलं होतं. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती जमिनीवर मांडी घालून बसली, बाही वर केली आणि हात पुढे करून म्हणाली, "भरा. पण परत म्हणा, जरा हळू. मले पाठ करू द्या."